साळूबाई अंगठा देत नाही

नवरदेवाचा पोशाख मुलीकडच्यांनी घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. पण कुंडलच्या साळूबाईनं त्या रीतीला स्वतःचं एक शेपूट जोडून ठेवलं होतं. नातीची सुपारी फुटली त्या दिवशी, भरल्या माणसांत, साताऱ्याहून आलेल्या विहिणीच्या तोंडावर ती बोलून बसली होती, "नवऱ्या मुलाचा पोशाख माझ्या म्हशींच्या दुधावर. लेकाचा पगार न्हाई, सुनंचा हात न्हाई. मी दिनार, माझ्या हातानं दिनार."

असं एकदा बोललं की ते निभवावं लागतं, कारण ऐकणारी विहीण साधी नव्हती. शकुंतलाबाईंनी साताऱ्यात तीस वर्षं शाळा शिकवलेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी समोरचं माणूस त्यांना तिसरीतलंच वाटे. बोलताना वाक्याच्या शेवटी अशा थांबत, जणू रिकामी जागा समोरच्यानं भरायची आहे.

"म्हणजे पैसे तुम्ही स्वतः…?" त्या म्हणाल्या होत्या.

"सोता," साळूबाईनं जागा भरली.

साळूबाईचा लेक नाथाजी फौजेत होता, रजा मिळणार ती लग्नाच्या तोंडावर. तेव्हा बस्ता बांधायचा तो बायकांनीच. आणि साळूबाईच्या घरात बायका म्हणजे साळूबाई. सून श्रद्धा होती, पण ती मोजणीत धरायची पद्धत नव्हती.

आता साळूबाईच्या अंगठ्याचं सांगायला हवं.

फार वर्षांपूर्वी ती दूध संस्थेत अंगठा द्यायची. तिथला सेक्रेटरी गुंडा तिचा अंगठा असा धरायचा, जसं मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं. शाईत बुडवायचा, कागदावर दाबायचा, आणि मग फडक्यानं पुसायचा ती स्वतःची बोटं. तिचा अंगठा तसाच काळा. एकदा रांगेत गर्दी झाली तेव्हा हा बाबा ओरडला, "ए अंगठा, पुढं सरक!"

अंगठा! जिच्या गोठ्यात सहा म्हशी, जिच्या दुधाच्या फॅटवर संस्थेची अब्रू टिकलेली, तिला म्हणे अंगठा. साळूबाई घरी आली आणि शाळकरी नाथाजीची पाटी ओढून बसली. सोळा दिवस ती 'साळूबाई जोतीराम' एवढंच गिरवत होती. सतराव्या दिवशी संस्थेच्या वहीत सही केली, ती अशी दाबून केली की खालच्या तीन पानांवर उमटली. त्या दिवसापासून अंगठा बंद. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं, तर तिनं श्रद्धाला पाठवायला सुरुवात केली. "ज्यास्नी लिवता येत न्हाई त्येंनी द्यावा अंगठा," ती म्हणे. श्रद्धा बी.ए. झालेली होती, पण ते कोणी काढत नसे.

दोन वर्षांपूर्वी नाथाजीनं आईला फोन आणून दिला. बँकेचं कार्ड त्या फोनातच बसवलं. फोन दुकानातल्या यंत्राजवळ धरायचा, पैसे गेले. तो बसवताना श्रद्धा म्हणाली होती, "आत्या, जरा अंगठा ठेवा हितं."

"त्वांड सांभाळून बोल," साळूबाई म्हणाली.

श्रद्धानं तोंड सांभाळलं. फोन घेऊन चुलीकडं तोंड करून बसली, आणि दोन मिनिटांत फोन चालू करून दिला.

तेव्हापासून साळूबाई पलूसच्या बाजारात राणीसारखी फिरू लागली. किरकोळ काही असलं की फोन यंत्राला दाखवायचा. टुंग वाजायचं, झालं. पेंडीची पोती, पत्र्याची पानं असलं काही मोठं असलं की मात्र यंत्र अडून बसायचं. मग शेजारी उभी असलेली श्रद्धा म्हणायची, "आना आत्या, पुसून देते." फोन पदरानं पुसायची आणि परत हातात द्यायची. लगेच टुंग. सासूच्या हातात वस्तू द्यायची ती पुसून द्यायची, हे त्या घरातलं वळण. तांब्या पुसून, ताट पुसून, तसा फोन पुसून. यात साळूबाईला काही वावगं दिसलं नाही. उलट या शिकलेल्या पोरीला आपण एवढं तरी वळण लावलं, म्हणून ती मनातून खूश होती.

बस्त्याच्या दिवशी सकाळी श्रद्धा आवरून उभी राहिली.

"तू कुटं निगालीस?"

"बस्त्याला. मी पायजेच की, आत्या."

"तू आलीस की ती मास्तरीण तुझ्यासंगं विंग्रजी फाडत बसती. आन् मी काय भितीला टेकून बसू? तू म्हशी बघ."

"आत्या, मग त्या फोनचं एक सांगायचं हुतं…"

"फोनचं मला शिकवू नगं. दोन वरसं वापरतीया."

श्रद्धा वैरणीकडं गेली. साळूबाई नातीला, म्हणजे नवरी मयूरीला, घेऊन एसटीत बसली.

सांगलीच्या पेठेतलं दुकान तसं जीनतच्या वडिलांचं, पण गल्ल्यावर जीनत बसे. तिशीची बाई, चटपटीत, हातात मोजपट्टी नसली तरी माणूस नजरेनं मोजणारी. साताऱ्याचे पाहुणे आधीच पोचले होते. शकुंतलाबाई, आणि त्यांचा मुलगा, नवरदेव देवदत्त, जो आईसमोर उभा राहिला की खांद्यावर अजून दप्तर असल्यासारखा वाटे.

शेरवानी निवडायला दीड तास गेला. शकुंतलाबाईंना मोतिया रंग हवा होता.

"मोतिया म्हंजी?" साळूबाईनं विचारलं.

"पांढऱ्याच्या अलीकडचा."

"म्हंजी मळका पांढरा. आमच्यात त्येला धुवाय टाकत्यात."

मयूरीनं आजीला कोपर मारलं. देवदत्त हसू दाबायला गेला आणि खोकला. शेवटी मोतियाच ठरला. सोबत फेटा, मोजडी, शेला. मध्येच साळूबाईनं मानाच्या टॉवेल-टोप्या घेतल्या आणि त्यांचे पैसे लगेच चुकते करायचे म्हणाली. खरं कारण एवढंच की विहिणीनं बघावं. तिनं कमरेची पिशवी सोडली, फोन काढला, यंत्राला दाखवला. टुंग.

"अरे वा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला हे जमतं?"

"न जमाय काय झालं? शेरडू राखण्यापरास सोपं हाय."

यंत्रातून चिठ्ठी आली. साळूबाईनं गल्ल्यावरचं पेन उचललं. "कुटं करायची सही?"

"सही नको, आजी," जीनत म्हणाली. "बघा, लिहिलंयच खाली. सहीची गरज नाही."

"कुनाला गरज न्हाई?"

"बँकेला."

"मला हाय," साळूबाई म्हणाली, आणि चिठ्ठीवर 'साळूबाई जोतीराम' असं सावकाश लिहिलं. तेवढ्या वेळात एका म्हशीची धार निघाली असती. लिहिता लिहिता तिचं चालूच होतं, "सोळा दिस घासलंया म्या ह्येच्यासाटी. आदी म्हनायचं सही शिका, सही शिका. शिकलो, तर म्हनं गरज न्हाई. मग फोन माझाच हाय हे तुमास्नी कसं कळलं गं? चोरानं आनला आसता तरी टुंगच वाजलं आसतं की."

"बारक्या रकमेला विचारत नाही, आजी. मोठ्या रकमेला विचारतं."

"म्हंजी बारक्या चोराला मुभा. ब्येस हाय."

मग मोठी वेळ आली. जीनतनं शेरवानी, फेटा, मोजडी, शेला सगळं एकत्र बांधून बिल केलं आणि यंत्र पुढं सरकवलं. साळूबाईनं फोन धरला. यंत्रानं लाल दिवा लावला. टुंग नाही.

साळूबाई बिचकली नाही. तिला उपाय माहीत होता. फोन घेतला, पदराचा शेव घेतला, काच पुसली. पुन्हा धरला. लाल. पुन्हा पुसली, या वेळी मागूनसुद्धा. तोंडाची वाफ देऊन पुसली. लाल.

"आजी, काय करतेस?" मयूरी कुजबुजली.

"पुसतीया. दिसत न्हाई? तुझी आई पुसती तवा लगीच चालतंय. तिच्या लुगड्याचं कापड बरं आसंल."

जीनतनं गल्ल्यावरून वाकून फोन बघितला. "आजी, पुसून काय होणार? तो ओळख मागतोय. अंगठा ठेवा."

साळूबाईनं अंगठा मुठीत मिटला.

"मी अंगठा देत न्हाई," साळूबाई म्हणाली. "सही घ्या. पायजे तर चार घ्या."

"सही यंत्र घेत नाही हो."

"मग तू घे की. तू मानूस हाईस न्हवं?"

"मी घेतली तरी पैसे बँक देणार, आजी. आणि बँकेला अंगठा लागतो."

शकुंतलाबाई आतापर्यंत गादीवर टेकून बसल्या होत्या. त्या पुढं सरकल्या. वर्गात कोणाचं तरी गणित चुकलं की बाई पुढं सरकतात तशा. "अहो साळूबाई, त्यात काय एवढं? अंगठाच तर टेकवायचा. आता मोठमोठे लोक अंगठ्यानंच उघडतात फोन. मी स्वतः…"

"मोट्या लोकांनी द्यावा. त्येंना कुनी 'ए अंगठा' म्हनलं नसंल."

"बरं, मग राहू द्या. देवदत्त, तू देऊन टाक रे. नंतर बघू आपण."

देवदत्तनं आज्ञाधारकपणे खिशात हात घातला.

साळूबाईच्या डोळ्यांपुढं सगळं लग्न उभं राहिलं. नवरदेव बोहल्यावर, अंगावर स्वतःच्याच पैशाचा पोशाख. साताऱ्याच्या बायका एकमेकींच्या कानाला लागलेल्या. आणि मयूरी जन्मभर त्या घरात ऐकत बसलेली, तुमच्या आजीनं मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, नाही का…? त्या रिकाम्या जागेत काय भरणार पोर?

"हात भायेर काडा, जावयबापू," ती म्हणाली. देवदत्तचा हात जागीच थांबला. "पोशाक आमचा. आन् तो आमीच दिनार."

तिनं उजवा अंगठा लुगड्याला पुसला. पस्तीस वर्षं जो कुठं टेकला नव्हता, तो विहिणीच्या डोळ्यांदेखत, परक्या दुकानात, फोनवर टेकला.

फोन थरथरला. ओळख पटली नाही.

पुन्हा टेकला. ओळख पटली नाही. जरा दाबून. जरा वाकडा. मग फोननं सांगितलं की फार वेळा झालं, आता गुप्त आकडा टाका.

"म्हंजी?" साळूबाईचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "मी दिला की अंगठा. आता आनि काय?"

शकुंतलाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "फोन तुमचाच आहे ना, नक्की…?"

मयूरीनं स्वतःच्या फोनवरून आईला लावला. आजीला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून सवयीनं आवाज मोठा करून ठेवला, आणि इथंच पोरगी चुकली. कारण श्रद्धाचा आवाज सगळ्या दुकानात गेला, मागं म्हैस ओरडत होती तीसुद्धा.

"आगं, आत्याचा अंगठा कसा चालंल? त्यात अंगठा माझा हाय!"

साळूबाईनं मयूरीच्या हातातून फोन ओढला. "काय म्हनलीस?"

"आत्या, तुमी अंगठा दिनार न्हाई म्हनला. फोन तर त्येच्याबिगार मोठं काम करंना. मग म्या माझा घातला."

"आन् दोन वरसं तू ती काच पुसत हुतीस ती?"

"पुसत बी हुते." मागं म्हैस पुन्हा ओरडली. "पन अंगठा लावत हुते. सांगाय आले की तुमी म्हनायचा, मला शिकवू नगं. आज सकाळीबी तेच म्हनला."

पेंड श्रद्धाच्या अंगठ्यानं आली होती. गोठ्याचा पत्रा श्रद्धाच्या अंगठ्यानं आला होता. पलूसच्या बाजारात राणी फिरत होती, आणि राणीचा शिक्का मागून दुसरीच मारत होती. साळूबाईला शिवी सुचली, पण ती कुणाला द्यायची ते नीट ठरेना. एक पहिल्यांदा श्रद्धासाठी आली होती. ती वाटेत वळून स्वतःकडंच यायला लागली, तेव्हा तिनं ती गिळली.

"आत्या? आकडा सांगू का मयूरीला? टाकला की पैसं जात्यात."

"सांग. पर तिच्या कानात सांग, जगाला नगं."

मयूरीनं स्वतःचा फोन परत घेतला, आवाज बारीक केला, आकडा ऐकला आणि आजीचा फोन उघडला. "झालं, आजी. आता धर यंत्रापाशी."

साळूबाईनं फोन धरला नाही.

"तुझ्या आईच्या आकड्यानं घेतल्याला पोशाक तुझ्या आईचा," ती म्हणाली. "म्या काय बोलले हुते? माझ्या हातानं. ह्यात माझं बोट घाल. अंगठा दिला तर दिला, एकदा शेन खाल्लंच हाय."

"आत्ता? इथं?"

"मग काय पंचांग बघू?"

हे काम देवदत्तला येत होतं. तो गुडघ्यावर बसला, साळूबाईचा हात हातात घेतला, आणि अंगठा काचेवर ठेवला. फोन म्हणाला, बोट उचला, पुन्हा ठेवा. उचललं, ठेवलं. पुन्हा ठेवा. तेरा-चौदा वेळा झालं. शेवटी फोननं हात टेकले.

देवदत्तनं तो अंगठा उजेडाकडं धरून बघितला. त्यावर रेषा म्हणून नव्हत्याच. अंगठा मुडपून धारा काढायच्या, काथ्यानं आणि राखेनं दुधाच्या किटल्या घासायच्या, असं चाळीस वर्षं चाललेलं. पायरीचा दगड झिजावा तसा तो अंगठा गुळगुळीत झाला होता.

"पुसला गेलाय, आजी," तो हळूच म्हणाला.

"ह्यो बी पुसलाच का?" साळूबाई म्हणाली. "मग पुढचं बोट घे. धा हायेत."

जीनतसुद्धा गल्ला सोडून बाहेर आली. तिनं ओलं फडकं आणलं, हाताला लावायला क्रीम आणलं. तर्जनी गेली. मधलं गेलं. उजवा हात संपला, डावा सुरू झाला. दुकानात लुगडी बघायला आलेल्या दोन बायका लुगडी सोडून हेच बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, आमच्या सासूबाईंचं पण रेशनला असंच होतं. शकुंतलाबाई घड्याळाकडं बघत होत्या.

"अहो, संपूर्ण दिवस यातच जायचा. देवदत्त, ऊठ. मी देते."

"बसा, ईनबाई. चा घ्या. दीड तास तुमच्या मळक्या रंगाला दिला न्हवं आमी?"

नऊ बोटं झाली. राहिली डाव्या हाताची करंगळी. देवदत्तनं ती काचेवर ठेवली. फोननं काही तक्रार केली नाही. उचला. ठेवा. उचला. ठेवा. काचेवर हिरवं गोल वर्तुळ पुरं झालं.

"घेतली!" देवदत्त एवढ्यांदा ओरडला की त्याच्या आईनं त्याच्याकडं बघितलं.

साळूबाईनं करंगळी डोळ्यांपुढं धरली. आयुष्यभर ती नुसती बाजूला उभी राहिली होती. धारेत तिचं काही काम नव्हतं, घासण्यात नव्हतं, खुरप्यात नव्हतं. नऊ जणांनी राबायचं, हिनं बघायचं. आणि आता साळूबाई कोण ते सांगायला बँकेला हीच चालत होती.

देवदत्त अजून फोनमध्येच होता. "आजी, ह्यातला मयूरीच्या आईंचा जुना अंगठा काढून टाकू का?"

साळूबाईनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा करंगळीकडं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "करंगळी बी कवा दगा दिल, सांगता येत न्हाई. पर तिला काय बोलू नगासा. काडला म्हनून सांगा. चार दिस तरी धाकात ऱ्हाईल."

मयूरीनं मान डोलावली. पण तिच्या हातातला फोन अजून बंद झालेला नव्हता, आणि त्यातून श्रद्धाचं हसू बारीक आवाजात पण स्पष्ट ऐकू आलं.

"ऐकलं व्हय?" साळूबाई त्या फोनवर वाकून म्हणाली. "बरं झालं. म्हशीला पानी दाव. आन् संध्याकाळी मला तो आकडा बी शिकव."

मग ती गल्ल्यापाशी उभी राहिली. करंगळी लावली, फोन यंत्राला दाखवला. टुंग.

शकुंतलाबाईंनी पर्स मिटली. "करंगळीनं पैसे देताना मी पहिल्यांदाच पाहिलं हो," त्या म्हणाल्या.

"काय करनार, ईनबाई? ह्या हातात काम न केल्यालं एवडंच बोट निगालं." साळूबाईनं त्यांच्या गोऱ्यापान, अंगठ्या घातलेल्या हातांवरून नजर फिरवली. "तुमास्नी काय अडचन न्हाई. तुमची धाच्या धा चालत आसतील."

लुगडी बघणारी एक बाई फिस्सकन हसली. देवदत्तला पुन्हा खोकला आला. शकुंतलाबाईंनी हात पदराखाली घेतले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या पुढची रिकामी जागा रिकामीच राहिली.

साळूबाईनं जीनतकडून हळदकुंकू मागून घेतलं. देवदत्तला टिळा लावला, पोशाखाच्या खोक्यावर नारळ ठेवला, आणि ते ओझं दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलं.

"नीट धर," ती म्हणाली. "मळका रंग हाय, डाग पडला तर दिसायचा न्हाई. पर म्हनून सांडू नगं."